कुलाब्याचे चर्च आणि रावपुऱ्यातला वाडा

आम्हा बडोदेकरांना चर्च म्हटले की फतेगंज आठवते. तिथल्या कॅम्पातल्या चर्चचा अर्पणविधी १८२५ साली बिशप हेबर यांनी केला. राणी व्हिक्टोरिया गादीवर आली ती त्यानंतर बारा वर्षांनी. तिच्या काळात इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत टोकदार कमानींच्या चर्चची लाट आली. ती लाट पाहायची तर मुंबईला, कुलाब्याच्या अफगाण चर्चला जावे.

त्या लाटेमागे १८३९ साली केंब्रिजमध्ये निघालेले एक मंडळ होते. चर्च मध्ययुगातल्या गावच्या चर्चसारखेच हवे, वेदीचा भाग लांब आणि वेगळा हवा, छप्पर उतरते हवे, असा त्यांचा हट्ट. (मखर कसे असावे यावर आमच्या सभांत होणारे वाद आठवले!) पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांचे स्मारक म्हणून कुलाब्याला असेच चर्च बांधायचे ठरले. ऑक्सफर्डहून आलेला आराखडा खर्चात बसेना. शेवटी काम मिळाले हेन्री कॉनिबेअर यांना. मुंबईला विहार तलावाचे पाणी देणारी योजना आखणारे अभियंता तेच. १८५८ साली अर्पणविधी झाला, मनोऱ्याचे शिखर मात्र १८६५ साली पुरे झाले. घडण इंग्लंडच्या गावातली, फरशीही तिकडून आलेली, पण भिंतींचा दगड इथला. आणि त्या जुन्या शैलीतल्या अरुंद, उभ्या खिडक्या आपल्या उन्हाला सोयीच्याच. आत गेल्यावर हे अंगाला कळते.

परमुलखात राहायचे तर माणूस आपल्या गावची वास्तू बरोबर आणतो. आमच्या पूर्वजांनी वेगळे काय केले? कुलाब्याला पाया भरत होते त्याच सुमारास भाऊ तांबेकर बडोद्याचे दिवाण होते. रावपुऱ्यातला त्यांचा लाकडी वाडा मराठी वळणाचा. भिंतींवर कृष्णलीला रंगवलेली आणि त्याच घरात युरोपीय चेहरेही.

तो वाडा पुरातत्त्व खात्याने राखला. कुलाब्याच्या भिंतीवर मेलेल्यांची नावे कोरली आहेत, ती अजून वाचता येतात. आमचे इतर वाडे मात्र एकेक करून पडले. ज्या चौकात गणपती बसत, तिथे आता पार्किंग आहे. एका घरचे कोरीव खांब गच्चीवर पावसात भिजताना आम्ही पाहिले. ज्यांच्या घरी वाड्याचा जुना फोटो, नकाशा, निदान बांधकामाच्या खर्चाची वही असेल, त्यांनी यंदा आरतीला येताना ती बरोबर आणावी. आम्ही नक्कल करून त्याच दिवशी परत देऊ.