शेजारच्या बोअरला पाणी, आपल्याला नुसता फुफाटा! असं का होतं?

एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन बोअर. खोली जवळपास सारखी. एकाला पाणी लागतं, दुसऱ्यातून नुसता फुफाटा उडतो. मग बोल लागतो पाणाड्याला, नाहीतर नशिबाला. खरं कारण खालच्या खडकात असतं आणि ते समजून घ्यायला शास्त्रज्ञ तो खडक कॉम्प्युटरवर उभा करतात.

महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर बसलाय. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. वाळूत कणाकणांमध्ये पाणी मावतं, तसं या कातळात मावत नाही. पाणी असतं वरच्या मुरमात, लाव्हातल्या वायूमुळे पडलेल्या छिद्रांत आणि भेगांमध्ये.

वाळूचं गणित त्यामानाने सोपं. दिजाँ शहराला पाणी पुरवणारे फ्रेंच इंजिनिअर हेन्री डार्सी यांनी ते 1856 मध्ये मांडलं: पाण्याच्या पातळीतला फरक दुप्पट, तर प्रवाहही दुप्पट. भेगेचं तसं नाही. तिची रुंदी दुप्पट झाली, तर बाकी सगळं तेच राहूनही पाणी आठपट वाहतं. अर्धा मिलिमीटर आणि एक मिलिमीटर यातला फरक डोळ्याला धड कळतही नाही. पण तुमचा बोअर त्यावर ठरतो.

मोटर चालू केली, दोन तासांत पाणी तुटलं?

आणि सकाळी बोअर पुन्हा भरलेला! हा अनुभव अनेकांना असेल. भेगांमधून पाणी झटकन येतं, पण त्यांच्यात साठा फारच थोडा. बराचसा साठा आजूबाजूच्या छिद्रांत आणि मुरमात असतो, तिथून ते झिरपत झिरपत भेगेत येतं. म्हणजे एकाच खडकात दोन वेग. बॅरेनब्लाट, झेल्टोव्ह आणि कोचिना या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी 1960 मध्ये याचं गणित मांडलं. पुढे तेलविहिरींच्या कामातही ही कल्पना भरपूर वापरली गेली.

कॉम्प्युटर काय करतो? जमिनीखालचा भाग हजारो ठोकळ्यांत तोडतो आणि प्रत्येकाचं पासबुक ठेवतो. किती पाणी आलं, किती गेलं, शिल्लक किती. ठोकळ्याला दोन खाती देता येतात, एक भेगांचं, एक छिद्रांचं. दुसरी पद्धत म्हणजे प्रत्येक भेग वेगळी काढायची. ती जास्त खरी, पण भेगा दिसतात कुठे? उत्तर आलं की ते विहिरींच्या मोजलेल्या पातळीशी ताडून पाहतात आणि जुळेपर्यंत आकडे बदलत राहतात.

आता मुद्द्याचा प्रश्न: बोअर कुठे घ्यायचा, हे मॉडेल सांगेल का? तसा दावा कुणी केला तर पैसे देण्याआधी दहादा विचार करा. गावात आणखी पन्नास बोअर झाले तर उन्हाळ्यात विहिरींचं काय होईल, याचा अंदाज चांगलं मॉडेल देऊ शकतं. बांधाच्या कुठल्या कोपऱ्यात पाणी आहे, हे नाही. कारण भेगांचे पूर्ण वेगळे दोन नकाशेही विहिरींच्या त्याच पातळीशी जुळू शकतात. म्हणून जाणकार एकच नकाशा धरून बसत नाहीत. ते शेकडो शक्य नकाशे चालवून बघतात आणि उत्तर शक्यतेत देतात.