हिरड्यांचं पासबुक

बी.कॉम. झालेल्या माणसाने वैद्यकाच्या इतिहासात तोंड घालू नये, हे मला मान्य आहे. पण इथे प्रश्नच तोंडाचा आहे. शिवाय चंद्रपुरात काउंटरमागे बसून मी जितकी तोंडं पाहिली, तितकी एखाद्या दंतवैद्यानेही पाहिली नसतील. फरक इतकाच की दंतवैद्याला ती उघडलेली दिसतात आणि मला खर्ऱ्याने भरलेली. "नाव काय?" असं विचारलं की खातेदार हनुवटी छताकडे नेतो आणि आतला मुद्देमाल सांडू न देता "उं-उं-उंके" असं काहीतरी सांगतो. त्यावरून 'उईके' की 'उके' हे ओळखणं ही आमच्या नोकरीतली खरी परीक्षा. बढतीच्या परीक्षेत हा प्रश्न येत नाही, हे मात्र दुर्दैव.

तर माझं म्हणणं असं की हिरडी हे शरीराचं पासबुक आहे. आत कुठे काही जमा-खर्च झाला की तिथे नोंद पडते. हा शोध माझा नव्हे. सुश्रुताने मुखरोगांची खतावणी मांडली तेव्हा एकूण ६५ रोग मोजले. त्यांतले १५ दातांच्या मुळांच्या, म्हणजे हिरड्यांच्या नावे टाकले आणि खुद्द दातांना दिले फक्त ८. त्या पंधरांत 'शीताद' नावाचा एक आहे. यात हिरड्यांतून उगीचच रक्त येतं, त्या काळवंडतात, मऊ पडतात आणि झडू लागतात. याचं कारण सुश्रुताने दिलं कफ आणि रक्त यांचा बिघाड. म्हणजे शाखेत घोळ दिसला तरी चौकशी हेड ऑफिसात करा.

युरोपातल्या दर्यावर्दींनी हे पासबुक वाचलं, पण फार उशिरा. वास्को-द-गामा ऑक्टोबर १४९८ मध्ये गोव्याच्या दक्षिणेकडच्या अंजदीव बेटावरून परत निघाला. वारा उलटा. आफ्रिकेचा किनारा गाठायला तीन महिने लागले. तेवढ्यात खलाशांच्या हिरड्या इतक्या सुजल्या की दातांवर चढल्या, अन्न चावेना. तीसएक माणसं वाटेतच गेली. पुढे १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने १२ आजारी खलाशी घेतले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं औषध दिलं. एका जोडीला समुद्राचं पाणी पाजलं! (त्या दोघांनी रजेचा अर्ज केला असेल तर त्याची नोंद नाही.) संत्री-लिंबं मिळालेली जोडी आठवड्याच्या आत उठून उभी राहिली. इतकं लख्ख दिसल्यावर ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सरसकट सुरू केला तो १७९५ साली. ४८ वर्षं फाइल टेबलावर! सरकारी कामाच्या गतीबद्दल आपण उगीच स्वतःला दोष देतो. रसातला गुणकारी ऐवज म्हणजे 'क' जीवनसत्त्व, हे कळायला तर १९३२ साल उजाडलं. तोवर आमच्या जंगलातला आवळा आपला बिनबोभाट झाडाखाली पडतच होता.

१८४० साली लंडनच्या हेन्री बर्टनने आणखी एक नोंद वाचली. शिशाची विषबाधा झालेल्यांच्या हिरडीच्या काठावर निळसर रेघ उमटते. ऑडिटर चुकीच्या आकड्याखाली निळ्या पेन्सिलीने ओढतो, अगदी तशी.

पण ऑडिटर डोक्यावरून गेला की काय होतं, हेही याच इतिहासात आहे. १९०० साली विल्यम हंटर या डॉक्टरने मांडलं की तोंडातला पू हेच अनेक रोगांचं मूळ. झालं! संधिवात? काढा दात. अशक्तपणा? काढा दात. अमेरिकेत ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याने तर वेड बरं करायला रुग्णांचे दात उपटले आणि खबरदारी म्हणून स्वतःच्या मुलांचेही. वेड कोणाला होतं, हा प्रश्न राहिलाच. आता मंडळी शहाणी झाली आहेत. मधुमेह आणि हिरड्यांचा रोग एकमेकांना खतपाणी घालतात, हे पक्कं ठरलं आहे. हृदयविकार आणि हिरड्या जोडीने हिंडताना दिसतात, पण एकामुळे दुसरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. फिकट हिरडी म्हणजे रक्त कमी असल्याची शंका घ्यावी.

आमच्याकडची गोष्ट याहून अवघड. इथे नोंद वाचणं दूरच, नोंद करणाऱ्या कारकुनालाच लाच दिली जाते. मशेरी बघा. तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, पूड करायची आणि हिरड्यांवर घासायची. ठणका थांबतो, बाई कामाला लागते. विडीचंही तेच. विडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, म्हणजे आत सडत असताना बाहेर सगळं आलबेल. तेंदूपत्त्यावर आमच्या जंगलातली कितीतरी घरं उन्हाळा काढतात, म्हणून हे मोठ्याने बोलायचीही चोरी.

अणूत डोकावणाऱ्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी एकदा महाराष्ट्रातल्या खेड्यांत १ लाख १ हजार ७६१ तोंडांत डोकावून पाहिलं. १९७२ साली तो अभ्यास छापून आला. शेवटच्या ६१ पर्यंत मोजणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. तंबाखूच्या दंतमंजनावर बंदी यायला मात्र १९९२ साल लागलं.

आणि खर्रा. १९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. कचेऱ्या, खुर्च्या, कपाटं यांची वाटणी झाली. खर्रा तेवढा सामायिक राहिला. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून पुडी तयार. लग्नात खर्रा, तेरवीला खर्रा. सुपारीने तोंडाची आतली कातडी दोरखंडासारखी ताठ होते आणि जबडा उघडेनासा होतो. मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ सालीच हे लिहून ठेवलं. २०१२ साली गुटखा बंद झाला. २०१६ पासून गडचिरोलीत 'मुक्तिपथ'वाले गावोगाव फिरताहेत. तरीही आमच्या शाखेच्या भिंतीचा खालचा दोन फूट भाग कोणत्या रंगाचा आहे, हे रंगाऱ्यालासुद्धा सांगता येत नाही.

निरोगी तोंडात तीन बोटं उभी जातात. परवा एक जुने खातेदार नागपूरला जायचं म्हणून पैसे काढायला आले. "कायले जी?" म्हणून विचारलं. त्यांनी तोंड उघडून दाखवलं. जेमतेम एक बोट जाईल इतकं.

"दुखत नाही का?"

"दुखत तं कधीच नाही जी. म्हणून तं इतके वर्स ध्यान नाही देल्लं."

मी नोटा दोनदा मोजल्या. त्यांच्या खिशातून पन्नी डोकावत होती. माझी नजर तिकडे गेलेली पाहून ते म्हणाले, "आज नाही खाल्ला जी. डॉक्टर वास घेते."