स्कोअर प्रतिमान
पुरवठा साखळीची कामगिरी मोजण्याची व सुधारण्याची प्रमाणित चौकट. अमेरिकेतील सप्लाय चेन कौन्सिलने ती १९९६ मध्ये पुढे आणली. नियोजन, खरेदी, उत्पादन आणि वितरण या मूळ प्रक्रिया. परत आलेल्या मालाची प्रक्रिया नंतर जोडली गेली. परिभाषा एकच असल्याने दोन कंपन्यांची तुलना शक्य होते, हे तिचे खरे बळ. ‘निर्दोष ऑर्डर’ हा तिचा सर्वांत कडक निकष: शंभर खोकी वेळेवर, धडधाकट पोचली, पण कागदपत्रांत चूक निघाली, तरी ती ऑर्डर नापास. रोकड-चक्र या तिच्या आणखी एका निकषाचा हिशेब वेगळा: मालसाठ्याचे दिवस अधिक उधारी वसुलीचे दिवस, वजा पुरवठादारांचे पैसे चुकते करण्यास लागणारे दिवस. हा आकडा लहान पुरवठादारांची देणी रखडवूनही घटतो. त्यामुळे तो इतर निकषांसोबतच वाचावा लागतो.