‘व्हर्टिगो’ची परंपरा : विस्मय आणि उत्कंठा

एखाद्या कलाकृतीचा प्रभाव उत्तरकालीन कृतींत नेमका कशावरून ओळखावा, हा कलेतिहासातील एक बिकट प्रश्न होय. बाह्य साम्य चटकन नजरेत भरते. परंतु साम्य आणि प्रभाव या दोन गोष्टी एक नव्हेत. आल्फ्रेड हिचकॉक याने दिग्दर्शित केलेल्या ‘व्हर्टिगो’ (१९५८) या चित्रपटाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

चित्रपटाचे कथानक पिएर ब्वालो व तोमा नार्सजाक या लेखकद्वयाच्या १९५४ सालच्या फ्रेंच कादंबरीवर आधारलेले आहे. उंचीच्या भयाने ग्रासलेला स्कॉटी हा निवृत्त डिटेक्टिव्ह एका परिचिताच्या पत्नीवर पाळत ठेवता ठेवता तिच्या प्रेमात पडतो. ती मनोऱ्यावरून पडून मृत्यू पावल्याचे तो पाहतो. पुढे त्याला तिच्यासारखीच दिसणारी ज्यूडी भेटते, आणि वेष व केशभूषा बदलावयास लावून तो तिला मृत स्त्रीचे रूप देऊ पाहतो. वस्तुतः दोघी एकच होत; खऱ्या पत्नीच्या खुनासाठी रचलेल्या कटात ज्यूडीने तिचे सोंग घेतलेले असते. मूळ कादंबरीत हे रहस्य अखेरीस उकलते. हिचकॉकने मात्र सुमारे अर्ध्या तासाचा भाग शिल्लक असतानाच ते प्रेक्षकास सांगून टाकले. या बदलास सहकाऱ्यांचा विरोध होता, असे त्याने फ्रांस्वा त्रुफो यास दिलेल्या, १९६६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत नमूद केले आहे. ‘ही स्त्री कोण?’ या प्रश्नाची जागा त्यामुळे ‘स्कॉटीला हे कळेल तेव्हा काय होईल?’ या प्रश्नाने घेतली. विस्मयाचे रूपांतर उत्कंठेत झाले. आणि तोवर केवळ स्कॉटीच्या दृष्टीने पाहणारा प्रेक्षक ज्यूडीच्या यातनांचाही साक्षी बनला.

या चित्रपटाचे प्रारंभीचे स्वागत संमिश्र होते. रॉबिन वुड या इंग्रज समीक्षकाने १९६५ च्या आपल्या ग्रंथात त्याचे श्रेष्ठत्व आग्रहाने प्रतिपादिले. पुढे हक्क हिचकॉककडे आल्यावर चित्रपट काही वर्षे प्रदर्शनातून मागे घेण्यात आला व १९८३ साली पुन्हा प्रकाशात आला. विशेष हे की, ‘साइट अँड साउंड’ या नियतकालिकाच्या दशवार्षिक मतगणनेत त्याने पहिल्या दहांत प्रथम प्रवेश केला तो १९८२ साली, म्हणजे तो सार्वजनिकरीत्या अनुपलब्ध असतानाच. २०१२ साली त्यास प्रथम व २०२२ साली द्वितीय स्थान मिळाले.

उत्तरकालीन चित्रपटांनी प्रथम उचलली ती त्यातील सुटी अंगे. कॅमेरा सरकविणे व झूम भिंग फिरविणे या क्रिया एकाच वेळी परस्परविरुद्ध दिशांनी करण्याची, भोवळीचा भास निर्माण करणारी युक्ती स्टीव्हन स्पिलबर्गच्या ‘जॉज’मध्ये (१९७५) योजिलेली आढळते. क्रिस मार्कर याच्या ‘ला जते’ (१९६२) या जवळजवळ सर्वस्वी स्थिरचित्रांनी घडविलेल्या लघुपटात सेकोया वृक्षाच्या छेदावरील वलयांचा प्रसंग पुन्हा येतो. तेथे मात्र नायक खोडाबाहेरील रिक्त जागेकडे बोट दाखवितो, कारण तो भविष्यातून आलेला असतो. उसन्या घेतलेल्या प्रसंगास येथे नवा अर्थ प्राप्त झाला आहे.

रचनेच्या पातळीवर दोन चित्रपटांची तुलना अधिक बोलकी ठरते. ब्रायन डी पाल्मा याच्या ‘ऑब्सेशन’चे (१९७६) ‘व्हर्टिगो’शी नाते उघड आहे : मृत पत्नीसारखी दिसणारी स्त्री, तिच्यामागे धावणारा पुरुष, आणि संगीतही ‘व्हर्टिगो’च्याच बर्नार्ड हरमनचे. तथापि ती स्त्री नायकाची कन्या आहे, हे सत्य अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत राखून ठेवलेले आहे. म्हणजे वातावरण हिचकॉकचे, परंतु तत्त्व पुन्हा विस्मयाचेच. याउलट क्रिस्टियान पेट्झोल्ड याच्या ‘फिनिक्स’मध्ये (२०१४) ना मनोरा आहे, ना उंचीचे भय. आउशविट्झमधून वाचलेली नेली चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेनंतर बर्लिनला परतते. पती तिला ओळखत नाही, आणि वारशाच्या लोभाने तिलाच तिचे सोंग वठवावयास शिकवितो. प्रेक्षकास सत्य आरंभापासून ठाऊक असते. हे कथानक उबेर मॉन्तेये याच्या १९६१ च्या कादंबरीवरून सैलपणे घेतलेले असल्याने साम्याचे सर्व श्रेय ‘व्हर्टिगो’स देता येणार नाही. परंतु ज्यूडीच्या वाट्याला अर्ध्या तासापुरते आलेले स्थान नेलीस संपूर्ण चित्रपटभर लाभते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. शिवाय ओळख नाकारण्याचा प्रश्न येथे एका व्यक्तीच्या वेडापुरता न राहता युद्धोत्तर जर्मन समाजाच्या अपराधाशी निगडित होतो.

यावरून असे म्हणावयास हरकत नाही की, ज्या कृतीत ‘व्हर्टिगो’च्या खुणा सर्वाधिक दिसतात, तीच त्याच्या रचनातत्त्वापासून दूर गेलेली आहे, आणि जीत त्या खुणा विरळ आहेत, तिने ते तत्त्व अधिक पुढे नेले आहे. प्रभावाचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच सारख्या दृश्यांची यादी करून थांबू नये. कोणते ज्ञान कोणाला व केव्हा दिले जाते, आणि त्यायोगे प्रेक्षकाची सहानुभूती कोणाकडे वळते, हे पाहणे अधिक अगत्याचे होय.