बेलापूरची अंगणं

मानसिक आरोग्य म्हटलं की आपण डॉक्टर आणि गोळ्या यावरच बोलतो. घराच्या नकाशाचं कोणी नावही काढत नाही. म्हणून ही बेलापूरची जुनी गोष्ट.

१९८३ ते ८६ च्या दरम्यान सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी इथे साधारण ५५० कुटुंबांची वसाहत आखली. तीच आपली आर्टिस्ट व्हिलेज. सातेक घरं, मध्ये ८ बाय ८ मीटरचं अंगण. असे तीन गट मिळून २१ घरांचं एक मोठं अंगण. म्हणजे दाराबाहेर पाऊल टाकलं की आधी ओळखीची माणसं, मग रस्ता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याचं दार दोन दिवस उघडलं नाही, तर कोणाच्या तरी लक्षात येणारच!

आणि भूखंड? ४५ ते ७५ चौरस मीटर. कमाईत कितीही फरक असो, जागेत फारसा नाही. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, त्यामुळे जमेल तसं घर वाढवता यायचं. (बरीच मूळ घरं पाडून आता बंगले झालेत, तो भाग वेगळा.)

पुनर्विकासाचे नकाशे आले की आपण कार्पेट एरिया आणि पार्किंग विचारतो. पुढच्या मीटिंगला एवढं विचारा : लिफ्टमधून उतरल्यावर आजी बसणार कुठे?