बिलियर्डची काठी : तिचा इतिहास आणि तिची निगा



काठी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें आखाड्यांतील लाठी येते, नाहीं तर वारकऱ्याच्या खांद्यावरील पताकेची काठी. आज ज्या काठीविषयीं मी बोलणार आहें, ती या दोहोंहून निराळी आहे. बिलियर्ड व स्नूकर या खेळांतील ही काठी ‘क्यू’ या नांवानें ओळखली जाते. खेळ साहेबांचा असला तरी त्याच्या इतिहासाचा एक मोठा भाग आपल्याच देशांत घडला आहे, आणि त्यांत पुण्याचा वांटा थोडा नाहीं.

‘क्यू’ या मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ शेपूट. प्रारंभीं खेळाडू पुढें जाड डोकें असलेल्या दांड्यानें चेंडू ढकलीत असत. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटला कीं तें डोकें अडे. मग दांडा उलटा धरून त्याच्या शेपटाकडील टोंकानें टोला मारावा लागे. हळूहळू डोकें गेलें आणि शेपूटच तेवढें उरलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मेंगो नांवाच्या एका फ्रेंच कप्तानानें या टोंकाला चामड्याची टिकली बसविली. तिच्यायोगें टोंक चेंडूवर घसरेनासें झालें. पुढें त्या टिकलीला खडू लावण्याची रीत इंग्लंडांत पडली आणि चेंडूला हवी तशी फिरकी देणें शक्य झालें. चिमूटभर खडू आणि बोटाच्या नखाएवढें चामडें. पण सगळा खेळ त्यांनीं बदलला!

हा खेळ आपल्याकडे आला तो लष्करी छावण्यांबरोबर. १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकीची लढाई झाली आणि पुण्याच्या कॅम्पाची पायाभरणी झाली. आमच्या चऱ्होलीपासून खडकी कांहीं कोसांवर आहे. त्याच महिन्यांत नागपुराजवळ सीताबर्डीची लढाई झाली आणि भोसल्यांच्या अमलाखालील जबलपूर इंग्रजांकडे गेलें. पुढें त्याच जबलपुरांत, १८७५ सालीं, डेव्हनशायर पलटणीचा नेव्हिल चेंबरलेन नांवाचा तरुण अधिकारी सोबत्यांसह खेळत असतां जुन्या खेळांत रंगीत चेंडूंची भर पडली आणि नवा खेळ जन्मास आला. इंग्लंडांतील लष्करी विद्यालयांत पहिल्या वर्षाच्या नवख्या विद्यार्थ्यांना ‘स्नूकर’ म्हणत. एका गड्याचा सोपा टोला हुकला, तेव्हां चेंबरलेननें त्याला तेंच नांव दिलें, आणि तें खेळालाच चिकटलें. पुढें उटकमंडच्या क्लबांत या खेळाचे नियम लिहून भिंतीवर लावण्यांत आले. अशा रीतीनें स्नूकर जन्मानें हिंदुस्थानी आहे.

परंतु त्या काळच्या बहुतेक युरोपीय क्लबांत हिंदी माणसाला सभासद म्हणून प्रवेश नव्हता. तो आंत जाई तो नोकर म्हणून. गुण मोजणारा, चेंडू मांडणारा, बनातीवर ब्रश फिरविणारा आणि काठ्या पुसून ठेवणारा जो नोकर, त्याला ‘मार्कर’ म्हणत. साहेब बदलून जात; काठी मात्र मार्कराच्या हातांत राही. कोणती काठी पावसाळ्यांत वांकते, कोणती टिकली सैल झाली, हें त्यालाच ठाऊक. क्लबाच्या भिंतीवरील फळ्यांवर विजेत्यांचीं नांवें सोनेरी अक्षरांत लिहिलीं गेलीं; काठी सरळ राखणाऱ्याचें नांव त्या फळ्यांवर शोधूं गेल्यास सांपडावयाचें नाहीं.

ज्या पुण्याच्या छावणींतून हा खेळ रुजला, त्याच पुण्यांत १९२२ सालीं विल्सन जोन्स यांचा जन्म झाला. १९५८ सालीं कलकत्त्यांत ते बिलियर्डचे जागतिक हौशी विजेते झाले. वैयक्तिक खेळांत जगज्जेतेपद मिळविणारे स्वतंत्र भारताचे ते पहिले खेळाडू होत. १९६४ सालीं न्यूझीलंडांत त्यांनीं तेंच पद पुन्हां मिळविलें. राष्ट्रीय बिलियर्ड अजिंक्यपद त्यांनीं बारा वेळां जिंकलें. २००३ सालीं ते निवर्तले. त्यांच्यामागून मुंबईच्या मायकेल फरेरा यांनीं १९७७, १९८१ व १९८३ या सालीं जागतिक हौशी बिलियर्डचें अजिंक्यपद पटकाविलें. जेथें एके काळीं आपला माणूस केवळ काठ्या पुसण्यासाठीं आंत जात होता, तेथें आतां त्याच्या टोल्याकडे जग पाहूं लागलें.

आतां काठीच्या निगेविषयीं. माझ्याकडे पूर्वीं शिकलेला एक तरुण चाकणच्या कारखान्यांत आहे. त्यानें जुनी काठी विकत घेतली आणि विचारलें, “गुरुजी, मळ बसला आहे, पॉलिश-कागदानें घासूं का?” मी म्हटलें, “बाबा, मळ जाईल, पण त्याबरोबर काठीही जाईल!” काठीची पुढची बाजू बहुधा ॲश किंवा मॅपल या लांकडाची असते, मूठ आबनूस, शिसवी अशा जड लांकडाची. टोंकाला पितळेची शाम, आणि तिच्यावर चामड्याची टिकली. टोंक सुमारें दहा मिलिमीटर जाडीचें असतें. पॉलिश-कागदाच्या प्रत्येक घासणीनें तें बारीक होतें आणि गेलेलें लांकूड परत येत नाहीं. ॲशचीं छिद्रें मोकळीं असतात; खडूची पूड आणि हाताचा घाम त्यांत बसतो. म्हणून खेळ संपल्याबरोबर, अगदीं किंचित् ओलसर अशा मऊ फडक्यानें काठी रेषांच्या दिशेनें पुसावी, लगेच कोरड्या फडक्यानें कोरडी करावी, आणि हाताला ऊब लागेपर्यंत चोळावी. एवढ्यानेंच तिला झिलई येते.

पाण्याचें भय कां? लांकूड ओलाव्यानें आडवें फुगतें, लांबींत जवळजवळ वाढत नाहीं. एका बाजूला ओल अधिक आणि दुसऱ्या बाजूला कमी झाली कीं काठी वांकते. आपल्याकडे वैशाखांत हवा कोरडी व आषाढांत दमट. म्हणून काठी भिंतीला तिरपी टेकवून ठेवूं नये, उन्हांत किंवा तापलेल्या मोटारींतही ठेवूं नये. वर्षांतून एकदोनदां जवसाचें तेल अगदीं पातळ लावावें, जास्तीचें पुसून टाकावें, आणि एक दिवस काठीला हात लावूं नये. हें तेल हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतें. सुतार व क्रिकेटच्या बॅटी राखणारे त्याचा उपयोग करीत आले आहेत. मात्र तेलानें भिजलेलें फडकें चुरगाळून टाकूं नये. घट्ट होतांना तें तापतें आणि कधीं कधीं आपोआप पेट घेतें. तें पसरून वाळवावें, किंवा पाण्यांत भिजवून मग टाकावें.

खंडेनवमीला आपण हत्यारें पुसून त्यांची पूजा करतों. ज्या घरांत वा जिमखान्यांत अशी जुनी काठी असेल, त्यांनीं त्या दिवशीं तिच्यावरूनही फडकें फिरवावें. आणि ती कोणीं जपली होती, हें घरांतील वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहून ठेवावें. विजेत्यांचा इतिहास फळ्यांवर आहे; जपणाऱ्यांचा इतिहास आठवणींत आहे, आणि आठवणी लांकडाहून लवकर झिजतात.