साहेबाचा पाइप

आमच्या घरात सुपारीचेही कोणाला व्यसन नाही, आणि तरी माझ्या कपाटात एकोणीस विलायती पाइप मांडून ठेवलेले आहेत. त्यांपैकी एकही मी कधी पेटवलेला नाही. पिंपळे सौदागरात एके काळी पारावर चिलीम फिरे. त्या गावच्या माणसाला हा साहेबी नाद कुठून लागला, असे लोक विचारतात.

नाद लागला तो आजोबांच्या पाइपामुळे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आजोबा कामाला होते. हा कारखाना १८६९ सालचा. घरात सांगत ते असे, की १९४७ च्या ऑगस्टात मायदेशी निघताना त्यांच्या साहेबाने आपला पाइप खिशातून काढून आजोबांच्या हाती ठेवला. ही कथा मी लहानपणी इतक्यांदा ऐकली, की साहेबाच्या मिशासुद्धा मला दिसत.

आपल्याकडे तंबाखू आणला पोर्तुगीजांनी. १६०५ च्या सुमारास असद बेगाने तो विजापुराहून अकबराच्या दरबारी नेला. आपली चिलीम मातीची, आणि इंग्रजही पुष्कळ काळ मातीच्याच नळीतून धूर ओढत. लाकूड जळते, ही खरी अडचण. ती सुटली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फ्रान्समधल्या सां-क्लोद गावी. भूमध्य समुद्राकाठी ब्रायर नावाचे झुडूप होते; त्याच्या मुळाशी मोठी गाठ धरते. ती कापून, तासन्‌तास उकळून, महिनोन्‌महिने वाळवली, की तिला निखाऱ्याची धग सोसते. पुढे या कामात लंडनने नाव काढले. फ्रेडरिक चॅरटनने तिथे १८६३ साली धंदा मांडला, सां-क्लोदचा आंरी कोमॉय १८७९ साली येऊन बसला, आणि आल्फ्रेड डनहिलने १९०७ साली ड्यूक स्ट्रीटवर दुकान थाटले.

मला भुरळ पडली ती मात्र त्यांच्या नोंदींची. आपल्या कुंभाराने चिलमीवर कधी नाव घातले नाही, साल तर दूरच. डनहिलच्या पाइपावर सालाचा आकडा उमटवलेला असतो. चांदीची कडी असली तर आणखी सोय: सिंह म्हणजे चांदी खरी, बिबट्याचे मुख म्हणजे लंडनची तपासणी, आणि शेजारचे अक्षर म्हणजे साल. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी भिंग घेऊन बसायचे मला त्यातूनच वेड लागले.

एका रविवारी घरी येऊन तेच भिंग सहज आजोबांच्या पाइपावर धरले. सिंह होता, बिबट्या होता आणि अक्षर होते 'एन'. लंडनच्या त्या वर्णमालेत १९३६ ला 'ए' आणि 'जे' गाळलेला. मोजत गेलो तर 'एन' आले १९४८ ला. साहेब गेला त्यानंतरचे!

दोन दिवस मला जेवण गोड लागले नाही. आजोबा खोटे बोलले असतील, हे मनाला पटेना. शेवटी सांगवीला आत्याकडे गेलो. ती आता नव्वदीला आली आहे. भीत भीत सगळे सांगितले.

"अरे, हातात कुठला दिलाय!" आत्या म्हणाली. "विलायतेहून पार्सल आलं होतं. ते सोडवायला दादांनी पोस्टात पैसे भरले म्हणून आई आठ दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती. मग घरात भांडण नको म्हणून दादाच सांगायला लागले, की साहेबानं जाताना दिला."

पार्सलात चिठ्ठी होती का, असे मी विचारले.

"होती ना. पण इंग्रजी वाचता कोणाला येत होतं तेव्हा?"